मांडणी आपली, पडताळणी यंत्राची

गेल्या दिवाळीत माझी नात सुटीसाठी कळंबला आली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर सणाचा उत्साह नव्हता. ती बाहेरगावी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. उन्हाळी परीक्षेत तिचा गणिताचा पेपर राहिला होता आणि हिवाळी परीक्षा महिन्यावर येऊन ठेपली होती. माझा मुलगा तिला स्पष्टच बोलून गेला होता, "झेपत नसेल तर परत ये आणि बी.कॉम. कर. आजोबांचे त्यात काही वाईट झाले नाही."

मला मात्र कोडे पडले ते निराळेच. तिच्या असाइनमेंटच्या वह्या मी चाळल्या. अक्षर सुबक, पायऱ्या व्यवस्थित आणि एकूण एक उदाहरण बरोबर. मग परीक्षेत ऐंशीपैकी चौदाच गुण कसे? दोन दिवस ती गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच सांगितले, "आजोबा, ती उदाहरणे मी सोडवलेलीच नाहीत. मोबाइलवर समीकरण टाइप केले की उत्तर येते, पायऱ्याही येतात. मी फक्त उतरवून काढत होते. परीक्षेत मोबाइल नव्हता."

मी रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मला आतून वाटले. यंत्राने काढलेल्या हिशेबाखाली न पाहता सही करण्याची चूक मी स्वतः बँकेत केलेली आहे. ती हकीकत पुढे येईलच. त्या महिन्याभरात आम्ही आजोबा-नातीने मिळून अवकल समीकरणांचा, म्हणजे डिफरन्शियल इक्वेशन्सचा अभ्यास केला. कळंबसारख्या तालुक्याच्या गावी या विषयाची शिकवणी मिळणे कठीण. हाताशी होती ती इंटरनेटवरची साधने. ज्या साधनांनी तिला बुडवले होते त्यांचाच आधार घेऊन ती पुन्हा उभी राहिली. बदलला तो केवळ ती वापरण्याचा क्रम. आपल्या घरोघरी अभियांत्रिकी, विज्ञान आणि वाणिज्य शिकणारी मुले-मुली आहेत, म्हणून हा अनुभव वाचकांपुढे ठेवावासा वाटला.

बदलाच्या दराचे गणित

अवकल समीकरण हे नाव भारदस्त आहे, कल्पना तेवढी अवघड नाही. शाळेतील साध्या समीकरणात एखादी संख्या अज्ञात असते. अवकल समीकरणात काळाबरोबर बदलत जाणारी एक संपूर्ण राशी अज्ञात असते. तिच्या बदलाचा नियम तेवढा आपल्याला ठाऊक असतो. आज किती आहे हे माहीत आहे, कोणत्या दराने बदलते आहे हेही माहीत आहे. त्यावरून उद्या, परवा आणि दहा वर्षांनी किती असेल हे शोधायचे, एवढाच त्याचा अर्थ.

क्षणाक्षणाच्या बदलाचा विचार आपल्या मातीला परका नाही. भास्कराचार्यांनी ११५० साली लिहिलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'त ग्रहांच्या 'तात्कालिक गती'चा, म्हणजे त्या विशिष्ट क्षणीच्या गतीचा विचार आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला आणि त्याविषयीचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे. आजोबांचे गणित नातवाने जपल्याचा तो दाखला वाचून मला मोठी गंमत वाटली. आमच्या घरी नातीचे गणित आजोबा शिकू पाहत होता! पुढे सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांनी या विचाराचे स्वतंत्र शास्त्र उभे केले.

मला हा विषय कळला तो व्याजाच्या वाटेने. एक लाख रुपये द.सा.द.शे. ७ दराने ठेवले आणि वर्षातून एकदाच व्याज जमा केले, तर वर्षाखेर १,०७,००० रुपये होतात. आपल्या मुदत ठेवींप्रमाणे दर तिमाहीस व्याज मुद्दलात मिळवले तर १,०७,१८६ होतात. दरमहा मिळवले तर १,०७,२२९ आणि रोज मिळवले तर १,०७,२५०. आता व्याज प्रत्येक क्षणाला मुद्दलात मिळत गेले, अशी कल्पना करा. रक्कम किती होईल? १,०७,२५१ रुपये. रोजच्या हिशेबापेक्षा जेमतेम एका रुपयाने अधिक! या मर्यादेच्या मुळाशी जी २.७१८... ही संख्या आहे, ती जेकब बर्नुली या स्विस गणितज्ञाला १६८३ मध्ये चक्रवाढ व्याजाचाच विचार करताना गवसली.

'शिल्लक ज्या दराने वाढते तो दर शिलकेच्याच प्रमाणात असतो', हे वाक्य म्हणजे या विषयातील सर्वांत साधे अवकल समीकरण. रोज व्याज काढून ते मुद्दलात मिळवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्या मुद्दलावर पुन्हा व्याज काढायचे, ही रीत म्हणजे ऑयलर या थोर गणितज्ञाने १७६८ साली प्रसिद्ध केलेली समीकरण सोडवण्याची पद्धतच होय. लहान पाऊल टाका, नवा दर पाहा आणि पुढचे पाऊल टाका. व्यवहारातील बहुतेक अवकल समीकरणे सूत्रात सुटत नाहीत. त्यामुळे संगणक आजही या पद्धतीच्या सुधारित आवृत्त्या वापरतो. चौतीस वर्षे लेजर लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे कळले, तेव्हा जुना सहकारी अचानक भेटावा तसा आनंद झाला.

चिन्हाची एक चूक

नातीला मी पुस्तकातले उदाहरण न देता बँकेतले दिले. आठ लाखांचे कर्ज, व्याजदर ९ टक्के, परतफेड दरमहा दहा हजार म्हणजे वर्षाला १,२०,००० रुपये. व्याज आणि परतफेड अखंड चालू आहेत असे समजून समीकरण मांड आणि दहा वर्षांनी किती बाकी राहील ते सांग.

तिने मोबाइल उचलला. दोन मिनिटांत उत्तर आले: ३९ लाखांहून अधिक. तिने ते शांतपणे वहीत उतरवले.

मला तेव्हा अवकलनाचा गंध नव्हता, पण कर्जे मी जन्मभर दिली आहेत. मी विचारले, "बेटा, आठ लाख घेतलेला माणूस दहा वर्षांत बारा लाख भरतो, व्याजापेक्षा अधिक भरतो, तरी त्याच्याकडे ३९ लाख बाकी कशी निघेल? असा ग्राहक माझ्या शाखेत आला असता तर त्याने माझी मानगूट धरली असती."

ती दचकली. तिने पुन्हा पाहिले. 'कर्जवाढीचा दर = व्याज − परतफेड' असे लिहायचे होते, तिने 'व्याज + परतफेड' असे टाइप केले होते. यंत्राने काहीच चूक केली नव्हती. त्याला जे समीकरण दिले गेले त्याचे अचूक उत्तर त्याने दिले. विचारलेल्या प्रश्नाचे ते उत्तर नव्हते, एवढेच. चिन्ह सुधारल्यावर दहा वर्षांनी सुमारे २१,५०० रुपये बाकी आणि १०.१८ वर्षांत कर्ज निरंक, असे उत्तर आले. मी बँकेच्या मासिक पद्धतीने हिशेब केला, तेव्हा १२३ वा हप्ता शेवटचा आला. म्हणजे सव्वादहा वर्षे. दोन वाटांनी एकाच गावाला पोहोचल्यासारखे झाले.

माझी जुनी सही

त्या रात्री मी तिला माझी हकीकत सांगितली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या शाखेत संगणक आले. त्यापूर्वी व्याजाचा एक जण हिशेब करी आणि दुसरा तपासी. संगणक आल्यावर सहामाही व्याज एका रात्रीत निघू लागले. तपासनीस मी होतो. छापील कागदांचा गठ्ठा आला, आकडे नीटनेटके होते, मी सह्या केल्या.

आठवड्याने एक निवृत्त शिक्षक पासबुक घेऊन आले. पाकिटाच्या पाठीमागे पेन्सिलीने केलेला हिशेब त्यांनी पुढे ठेवला आणि नम्रपणे म्हणाले, "साहेब, माझे काही चुकते का पाहा." चुकले माझे होते. एका योजनेचा व्याजदर संगणकात भरताना आकड्यांची अदलाबदल झाली होती. संगणकाने त्या योजनेतील प्रत्येक खात्याचे व्याज पैशापर्यंत अचूक काढले, पण चुकीच्या दराने. सर्व खाती दुरुस्त झाली, कोणाचे नुकसान राहिले नाही. परंतु त्या पाकिटामागचा पेन्सिलीचा हिशेब मी आजतागायत विसरलेलो नाही.

बँकेत 'मेकर' आणि 'चेकर' अशी दोन माणसे असतात. एक नोंद करतो, दुसरा तपासून मान्यता देतो. एकाच माणसाने दोन्ही कामे करायची नाहीत, हा त्यातला पहिला नियम. मी नातीला म्हणालो, "तू यंत्राला मेकर केलेस आणि चेकर कोणीच ठेवला नाहीस. आता उलट करू. मेकर तू, चेकर यंत्र."

मुंबईच्या प्लेगचे समीकरण

मांडणी बरोबर आहे की नाही हे ठरवणे नेहमीच चिन्हाच्या चुकीइतके सोपे नसते. याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे, हे मला या अभ्यासात प्रथमच कळले.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि पुढे वर्षानुवर्षे तो ठाण मांडून बसला. ती भीती घरातल्या वृद्धांच्या तोंडून आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. भारतीय वैद्यकीय सेवेत काम केलेले अँडरसन मॅकेन्ड्रिक आणि एडिंबरा येथील रसायनशास्त्रज्ञ विल्यम करमॅक यांनी १९२७ साली साथीच्या गणितावर एक निबंध प्रसिद्ध केला. करमॅक यांची दृष्टी १९२४ मध्ये प्रयोगशाळेतील अपघातात गेली होती. त्यानंतरचे हे गणित त्यांनी डोळ्यांवाचून केले. लोकसंख्येचे तीन भाग करायचे: रोग होऊ शकेल असे, रोग झालेले, आणि बरे होऊन किंवा मृत्यू पावून साथीबाहेर गेलेले. पहिल्या गटातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात माणसे कोणत्या दराने जातात, ते तीन अवकल समीकरणांत लिहायचे. २०२० च्या कोरोनाकाळात ज्या आलेखांची चर्चा वर्तमानपत्रांत रोज होत असे, त्यांपैकी अनेकांचे मूळ या तीन समीकरणांत आहे.

आपले समीकरण प्रत्यक्षाशी जुळते का, हे पाहण्यासाठी त्यांनी आकडे घेतले ते मुंबई बेटाचे. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळात दर आठवड्याला प्लेगने झालेले मृत्यू. अंदाजी रीतीने सोडवून त्यांनी जे सूत्र काढले ते असे: आठवड्याचे मृत्यू = ८९० × सेक-एच² (०.२ × आठवडा − ३.४). 'सेक-एच' हे घंटेच्या आकाराचा आलेख देणारे एक फलन आहे, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. आम्ही ते सूत्र संगणकावर काढले. आरंभी आठवड्याला चार मृत्यू, दहाव्या आठवड्याला सुमारे १९०, सतराव्या आठवड्याला, म्हणजे एप्रिलच्या मध्यास, ८९०, आणि पंचविसाव्या आठवड्याला पुन्हा १३४ पर्यंत उतार. त्या वक्राखालचे क्षेत्रफळ म्हणजे एकूण मृत्यू, सुमारे ८,९००. नात बराच वेळ त्या वक्राकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "आजोबा, ही रेघ आहे, पण हिच्याखाली माणसे आहेत." त्या क्षणी तिला या विषयाचे मोल कळले, असे मला वाटते.

प्रत्यक्ष आकडे आणि सूत्र यांचा मेळ उत्तम बसला होता. तरीही मांडणी पूर्ण नव्हती. प्लेग मुख्यतः उंदरांचा रोग. पिसवांमार्फत तो माणसांपर्यंत येतो आणि मुंबईत तो दरवर्षी ठरावीक ऋतूत उसळे. तीन समीकरणांत ना उंदीर होते, ना पिसवा, ना ऋतू. माणसांतील प्लेग हे उंदरांतील प्लेगचे प्रतिबिंब आहे असे आपण गृहीत धरले आहे, हे त्या दोघांनी निबंधात प्रांजळपणे लिहून ठेवले होते. २०१२ मध्ये निकोला बाकाएर या फ्रेंच गणितज्ञाने उंदीर, पिसवा आणि ऋतुमान धरून तेच आकडे पुन्हा तपासले आणि मूळ मांडणीच्या मर्यादा दाखवल्या.

यातून आम्ही दोन धडे घेतले. आलेख जुळला म्हणजे कारणही कळले, असे होत नाही. आणि गृहीतके लिहून ठेवणारा मेकर हा खरा प्रामाणिक मेकर. कारण पुढच्या चेकरला कोठे पाहायचे ते तो स्वतःच सांगून ठेवतो.

कोणते साधन कशासाठी

इंटरनेटवर या विषयाची साधने पुष्कळ आहेत. आम्ही वापरली तेवढ्यांविषयीच लिहितो.

चित्र पाहण्यासाठी जिओजेब्रा उत्तम. मार्कस होहेनवार्टर यांनी २००१ मध्ये ऑस्ट्रियातील साल्झबर्ग विद्यापीठात ते सुरू केले. शिकण्यासाठी ते विनामूल्य आहे आणि मोबाइलवरही चालते. त्यात 'स्लोप फील्ड' नावाची आज्ञा आहे. समीकरण दिले की पडद्यावर ठिकठिकाणी लहान लहान तिरप्या रेघा उमटतात. त्या त्या जागी राशी कोणत्या दिशेने सरकेल, हे प्रत्येक रेघ सांगते. जणू वाऱ्याने झुकलेले गव्हाचे शेत. आमच्या कर्जाचे चित्र काढले तेव्हा १३,३३,३३३ रुपयांवर एक आडवी रेषा स्पष्ट दिसली. तिच्याखालचे प्रत्येक कर्ज शून्याकडे उतरते, तिच्यावरचे प्रत्येक कर्ज फुगत जाते. वर्षाचे व्याज आणि वर्षाची परतफेड जेथे समान होतात, ती ही रेषा. ज्या कर्जदाराचा हप्ता व्याजालाही पुरत नाही त्याची अवस्था मी शब्दांत अनेकदा समजावली होती. ती एका चित्रात मावते हे साठी उलटल्यावर पाहिले.

उत्तर पडताळण्यासाठी वुल्फ्रॅम अल्फा. २००९ पासून ते सर्वांसाठी खुले आहे. समीकरण आणि आरंभीची स्थिती टाइप केली की सूत्र आणि आलेख मिळतो. उत्तर फुकट मिळते, तपशीलवार पायऱ्यांसाठी बहुधा पैसे मोजावे लागतात. माझ्या मते विद्यार्थ्याने पायऱ्या विकत घेऊ नयेत. त्या आपण काढाव्यात आणि शेवटचे उत्तर तेवढे जुळवून पाहावे. ज्यांना संगणकावर पूर्ण मोफत साधन हवे, त्यांच्यासाठी मॅक्सिमा आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत १९६८ मध्ये सुरू झालेल्या मॅक्सिमाच्या पूर्वजाला विल्यम शेल्टर या प्राध्यापकाने अनेक वर्षे एकहाती सांभाळले आणि १९९८ मध्ये ते मुक्त परवान्याखाली सर्वांना खुले करण्याची अनुमती मिळवली.

सूत्रात न सुटणाऱ्या समीकरणांसाठी साइलॅब आहे. मूळ फ्रान्समधले हे सॉफ्टवेअरही मोफत आहे. आपल्याकडे त्याचा प्रसार मुंबईच्या आयआयटीतील 'फॉसी' या प्रकल्पाने केला. देशभरातील विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांतील सोडवलेली उदाहरणे साइलॅबमध्ये लिहून काढली आणि ती सर्वांसाठी उपलब्ध आहेत. त्याच संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात मुक्त सॉफ्टवेअर शिकवणाऱ्या लहान चित्रफिती आहेत. त्यांपैकी अनेकांचे ध्वनिमुद्रण मराठीसह भारतीय भाषांत केलेले आहे. साइलॅबच्या मालिकेत ऑयलरच्या पद्धतीवर स्वतंत्र पाठ आहे. ज्या मुलांचे शालेय शिक्षण मराठी माध्यमात झाले त्यांना याचा किती आधार वाटतो, हे मी नातीच्या मैत्रिणींकडून ऐकले.

मुळापासून शिकण्यासाठी आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेचा एनपीटीईएल हा उपक्रम २००३ पासून आहे. त्यावर अवकल समीकरणांचे संपूर्ण अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. एमआयटीच्या ओपनकोर्सवेअरवर आर्थर मॅटक या प्राध्यापकांची २००३ मधील व्याख्याने आहेत. फळा, खडू आणि संथ समजावणे. माझ्यासारख्या ज्येष्ठालाही ती समजली, याहून अधिक शिफारस काय करू? सोडवलेली उदाहरणे हवी असतील तर टेक्सासमधील लामार विद्यापीठाचे प्राध्यापक पॉल डॉकिन्स यांच्या ऑनलाइन नोट्स पाहाव्यात. त्या उतरवून घेता येतात, त्यामुळे गावाकडे नेटवर्क गेले तरी अभ्यास थांबत नाही.

संवाद करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आता सर्वांच्या हातात आहेत. समजावून सांगण्याचे काम ती चांगले करतात, पण चुकीचे उत्तरही तितक्याच विश्वासाने देतात. येथे या विषयाचा एक गुण आपल्या मदतीला येतो. अवकल समीकरणाचे उत्तर शोधणे कठीण असते, तपासणे सोपे असते. मिळालेल्या उत्तराचे अवकलन करायचे, ते मूळ समीकरणात ठेवायचे आणि दोन्ही बाजू समान येतात का, हे पाहायचे. मग आरंभीची स्थिती जुळते का ते पाहायचे. बारावी झालेला विद्यार्थी हे पाच मिनिटांत करू शकतो. म्हणजे यंत्राचाही चेकर होता येते!

विहिरीच्या काठावर

परीक्षेला दहा दिवस राहिले असताना नातीने विचारले, "हे सगळे पडद्यावर झाले. आपल्या गावात अवकल समीकरण कोठे आहे?"

आम्ही गावाबाहेर एका नातलगाच्या शेतावर गेलो. कळंब परिसरातील जमीन काळ्या दगडाची. कपाशी, तूर आणि जेथे विहिरीला पाणी तेथे गहू. सकाळी आठला मोटार बंद केली तेव्हा पाणी नेहमीच्या पातळीपेक्षा दहा फूट खाली होते. दोरीला खुणा करून आम्ही दर तासाला मोजत बसलो. नवाला ८.१ फूट, दहाला ६.४, अकराला ५.२ आणि बाराला ४.१. नातीने वहीत शेजारी-शेजारी भागाकार केले. दर तासाला तूट आधीच्या सुमारे ०.८ पट होत होती. "आजोबा, हे तर उलटे चक्रवाढ व्याज आहे!" ती उद्गारली. खरेच होते. पाणी जितके खाली, तितका आत येण्याचा दाब अधिक; पातळी वर येते तसा वेग मंदावतो. साधारण तीन तासांत तूट निम्मी होते.

पाटबंधारे आणि कृषी अभियांत्रिकीच्या पुस्तकांत हे 'स्लिक्टरचे सूत्र' म्हणून आहे. विहिरीला तासाला किती पाणी येते आणि मोटार किती वेळ चालवावी, याचा अंदाज त्यावरून बांधतात. तेथे बसलेल्या शेतमालकाने मात्र एक प्रश्न टाकला, "झरा पाण्याच्या वर असला तर?" आम्ही दोघे एकमेकांकडे पाहत राहिलो. झरा वर उघडा असेल तर खाली पाणी किती आहे याच्याशी त्याला देणेघेणे नाही. तो एकाच वेगाने पडत राहील आणि आलेख वक्र न येता सरळ येईल. समीकरणच बदलेल. ज्याने कधी अवकलन हा शब्द ऐकला नव्हता, त्याने मांडणीतले गृहीतक नेमके पकडले होते. ही जाण कोणत्याही संकेतस्थळावर मिळणारी नव्हती. विहीर पाहिलेल्या डोळ्यांतच ती होती.

घरोघरी करण्याजोगे

या महिन्याभरात आमच्या घरी जी शिस्त ठरली ती थोडक्यात देतो. प्रथम वहीत मराठीत एक वाक्य लिहायचे: काय बदलते आहे आणि कशामुळे. मग समीकरण, त्याखाली गृहीतके. मोबाइल उघडण्यापूर्वी उत्तर साधारण वाढणारे येईल की घटणारे, कोठे थांबेल, याचा अंदाज लिहायचा. त्यानंतर स्वतः सोडवायचे. यंत्राकडे जायचे ते सर्वांत शेवटी. उत्तर जुळले नाही तर यंत्राचे उतरवायचे नाही. आपले कोठे चुकले ती ओळ शोधून तिच्यापुढे लाल खूण करायची. नातीच्या वहीत पहिल्या आठवड्यात लाल खुणा पानोपानी होत्या. शेवटच्या आठवड्यात दोन-तीन उरल्या.

पालकांनाही एक विनंती. मुलांच्या हातातला मोबाइल काढून घेऊन हा प्रश्न सुटणार नाही. पुढे नोकरीत त्यांना हीच साधने वापरायची आहेत. आपल्याला विषय येत नसला तरी शेजारी बसून "हे उत्तर व्यवहाराला धरून आहे का?" एवढे विचारता येते. राज्य मंडळाच्या बारावीच्या गणितात विज्ञान शाखेप्रमाणेच वाणिज्य शाखेलाही अवकल समीकरणांचे प्रकरण आहे. त्यामुळे दुकान, शेती किंवा बँक यांचा अनुभव असलेल्या वडीलधाऱ्यांनी हा आपला विषय नव्हे असे मानू नये. उदाहरणे त्यांच्याचकडे आहेत.

हिवाळी परीक्षेत नात उत्तीर्ण झाली. गुण डोळे दिपवणारे नव्हते, ऐंशीपैकी एकेचाळीस. माझ्या मुलाने बी.कॉम.चा विषय पुन्हा काढला नाही. मला खरा आनंद झाला तो निकालानंतर तीन आठवड्यांनी. रात्री नऊला तिचा फोन आला. पुढच्या सत्रातील एक उदाहरण होते, गरम धातू थंड होण्याचे. "आजोबा, यंत्राचे आणि माझे उत्तर जुळत नाही. माझे सगळे तीनदा तपासले. मला वाटते मी टाइप करताना चिन्ह चुकवले असेल. आता ते पाहते आणि सांगते."

दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. टाइप करतानाच चिन्ह चुकले होते. वहीतले तिचे उत्तर बरोबर होते.